पै-पैची पेढी : मॅगी लेना वॉकर

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड. या नगरीत १८६४ साली, यादवी युद्ध चालू असताना, मॅगी लेना वॉकर यांचा जन्म झाला. त्यांची आई पूर्वी गुलामगिरीत होती. १८७६ साली सावत्र वडिलांचा नदीत बुडून अंत झाला. तेव्हापासून आईने लोकांचे कपडे धुऊन प्रपंच चालविला आणि धुतलेल्या कपड्यांची बोचकी घरोघर पोचविण्याचे काम लहानग्या मॅगीकडे आले.

१८८३ साली शिक्षण पुरे करून त्या शिक्षिका झाल्या. परंतु विवाहित स्त्रीस शाळेत शिकविता येत नसे, म्हणून १८८६ मध्ये विवाह होताच ती नोकरी सुटली. आजारपणात व मृत्युप्रसंगी सभासदांना साहाय्य करणाऱ्या 'सेंट ल्यूक' मंडळाच्या कार्यात मात्र त्या किशोरवयापासून होत्या. १८९९ साली मंडळाचे चिटणीसपद त्यांच्याकडे आले, तेव्हा तिजोरीत अवघे ३१ डॉलर ६१ सेंट शिल्लक होते!

कृष्णवर्णीयांनी कष्टाने मिळविलेला पैसा परक्यांच्या पेढ्यांत जाई, पण तेथे त्यांना ना मान मिळे, ना सहजी कर्ज. शिवाय मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेली एक मोठी बचत बँक १८७४ साली बुडून हजारो गरिबांची पुंजी अडकली होती. अशा पोळलेल्या लोकांचा विश्वास मिळविणे सोपे नव्हते. मॅगीबाईंनी रिचमंडमधील एका बँकेत नित्य जाऊन त्या व्यवहाराचे धडे घेतले आणि २ नोव्हेंबर १९०३ रोजी 'सेंट ल्यूक पेनी सेव्हिंग्ज बँक' उघडली. अमेरिकेत बँकेची सनद मिळवून तिचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत. पहिल्याच दिवशी नऊ हजारांहून अधिक डॉलर जमा झाले. त्यांत केवळ ३१ सेंट घेऊन आलेला एक खातेदारही होता. त्याचेही खाते तितक्याच आदराने उघडले गेले.

धुणी धुणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया येथे बचत करू लागल्या; मुलांतही बचतीची गोडी वाढविण्यात आली. १९२० सालापर्यंत या बँकेच्या कर्जावर सहाशेहून अधिक कुटुंबांनी स्वतःची घरे केली.

१९१५ साली पतीचा अपघाती मृत्यू झाला. पुढे पायांनी दगा दिला व चाकांच्या खुर्चीचा आश्रय घ्यावा लागला. तरी बाईंनी काम सोडले नाही. जागतिक मंदीत अमेरिकेतील सहस्रावधी बँका कोसळल्या. त्या काळात, १९३० साली, त्यांची बँक दुसऱ्या बँकेशी एकत्र होऊन तगली आणि नव्या बँकेच्या संचालक मंडळाच्या अध्यक्षा मॅगीबाईच झाल्या. १५ डिसेंबर १९३४ रोजी त्यांचे निधन झाले.

२०१७ साली रिचमंडमध्ये त्यांचा पुतळा उभारण्यात आला. थेंबे थेंबे तळे साचते, हे आपण सर्वच जाणतो. पण ज्यांचा थेंब कोणी मोजतही नव्हते, त्यांच्यासाठी मॅगीबाईंनी ते तळे बांधले आणि अखेरपर्यंत राखले, यातच त्यांची थोरवी आहे.