दुष्काळातल्या लेकरांची आई



पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. तरुणपणीच दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. पुढे पतीही वारले. पदरी तान्ही मनोरमा होती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या. आपला वर्धा जिल्हा तेव्हा याच प्रांतात होता. येथून सुमारे ३०० निराधार मुली व बालविधवांना त्यांनी आपल्याबरोबर नेले. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न, शिक्षण आणि हाताला काम मिळाले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई देवाघरी गेल्या.

स्वतः सोसलेली भूक त्या विसरल्या नाहीत. शेजारच्या घरात आई आजारी असेल, तर तिची लेकरे आज आपल्या घरी जेवतील ना?