लंडन ते डार्विन : साडेएकोणीस दिवस

लंडन आणि ऑस्ट्रेलियातील पर्थ यांच्यात मार्च २०१८ मध्ये थेट विमानसेवा सुरू झाली, तेव्हा सुमारे १४ हजार ५०० किलोमीटरचे हे अंतर सतरा तासांत कापले गेले. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने विमान नेणारी पहिली महिला एमी जॉन्सन हिला १९३० मध्ये साडेएकोणीस दिवस लागले होते.

एमीचा जन्म १ जुलै १९०३ रोजी इंग्लंडमधील हल या बंदराच्या शहरात झाला. वडील मासळीचे व्यापारी. शेफिल्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन ती लंडनमध्ये एका वकिलाच्या कचेरीत नोकरी करू लागली. फावल्या वेळात ती विमान चालविण्यास शिकलीच, शिवाय इंजिनदुरुस्तीचा अधिकृत परवानाही तिने मिळविला. हा परवाना मिळविणारी ती ब्रिटनमधील पहिली महिला. पुढे हीच विद्या तिच्या कामी आली.

वडिलांच्या आणि लॉर्ड वेकफिल्ड यांच्या पैशातून तिने एक जुने ‘जिप्सी मॉथ’ विमान विकत घेतले व त्यास वडिलांच्या पेढीच्या व्यापारचिन्हावरून ‘जेसन’ हे नाव दिले. तोवरचा तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच होता!

५ मे १९३० रोजी क्रॉयडनहून तिने उड्डाण केले. डार्विनपर्यंतचा मार्ग ११ हजार मैलांचा, म्हणजे सुमारे १७ हजार ७०० किलोमीटरचा. विमानाचा वेग ताशी ८५ मैलांच्या आसपास. या हिशेबाने प्रत्यक्ष उड्डाणाचा काळ साडेपाच दिवसांहून अधिक होत नाही. उरलेले दोन आठवडे जमिनीवर गेले. इंधन भरणे, रात्रीचा मुक्काम, इंजिनाची देखभाल आणि अपघात यांतच ते खर्ची पडले.

बर्ट हिंकलर याने १९२८ मध्ये हे अंतर साडेपंधरा दिवसांत पार केले होते. एमीला तो विक्रम मोडावयाचा होता. बगदादजवळ वाळूच्या वादळाने तिला वाळवंटात उतरविले. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीत होती आणि हिंकलरच्या दोन दिवस पुढे होती. पुढे अलाहाबाद गाठण्यापूर्वीच इंधन संपत आले आणि राणी लक्ष्मीबाईंच्या झाशीत तिला कवायतीच्या मैदानावर उतरावे लागले. तेथे मोडलेला पंख स्थानिक सुताराने दुरुस्त करून दिला.

विक्रम हातचा गेला तो ब्रह्मदेशात. रंगूनजवळील इनसीन येथे एका मैदानावर उतरताना विमान चरात गेले, पंखा मोडला. दुरुस्तीत दोन-तीन दिवस गेले आणि हिंकलर पुन्हा पुढे निघून गेला. तिमोरमध्ये तर ती बेपत्ता झाल्याची वार्ता जगभर पसरली. २४ मे रोजी ती डार्विनला पोहोचली, तेव्हा विक्रमाला चार दिवस उशीर झाला होता. हे दुःख तिला बोचत राहिले. लोकांना मात्र त्याची पर्वा नव्हती. तिच्या स्वागताला अफाट गर्दी लोटली.

१९३२ मध्ये लंडन-केपटाउन मार्गावर तिने पती जिम मॉलिसन याचाच विक्रम मोडला. युद्धकाळात ती हवाई दलाची विमाने तळांवर पोहोचविण्याचे काम करू लागली. ५ जानेवारी १९४१ रोजी ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डजवळच्या तळाकडे ती निघाली. वाट तासाभराची. खराब हवेत ती भरकटली आणि जवळजवळ चार तासांनी, मार्गापासून कितीतरी दूर, थेम्स नदीच्या मुखाशी समुद्रात पडली. तिला वाचविण्यासाठी बर्फगार पाण्यात उडी घेणारा नौदल अधिकारीही मरण पावला. एमीचा मृतदेह कधीच सापडला नाही. ‘जेसन’ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जतन केलेले आहे.