संत जेरोम व इब्री भाषा

संत जेरोम यांचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास स्ट्रिडोन या गावी एका ख्रिस्ती घराण्यात झाला. रोम नगरीत त्यांनी व्याकरण व वक्तृत्व यांचे अध्ययन केले आणि तेथेच त्यांना स्नानसंस्कार मिळाला. सिसेरोच्या लॅटिनचा त्यांस इतका लळा होता की, संदेष्ट्यांचे लेखन त्यांना ओबडधोबड वाटे. पुढे आजारात त्यांना स्वप्न पडले. न्यायासनापुढे ते उभे असून ख्रिस्ताचे नव्हे, तर सिसेरोचे शिष्य ठरले होते.

सुमारे ३७५ साली ते सिरियातील खाल्किसच्या वाळवंटात तपश्चर्येस गेले. उपवासानेही मन आवरेना, तेव्हा ख्रिस्ती झालेल्या एका यहुदी संन्याशापाशी त्यांनी इब्रीचे धडे घेण्यास प्रारंभ केला. ती कंठातून खरखरणारी अक्षरे त्यांना साधत ना. कित्येकदा त्यांनी नाद सोडला व पुन्हा धरिला.

३८२ साली ते रोमला परतले. पोप दमासस यांच्या आज्ञेवरून त्यांनी शुभवर्तमानांचे जुने लॅटिन भाषांतर ग्रीकशी ताडून सुधारिले. ३८४ साली पोप निवर्तले. जेरोम यांची जीभ तिखट असल्यामुळे शत्रू पुष्कळ होते. वर्षभरातच त्यांना रोम सोडावे लागले. ३८६ साली ते बेथलेहेमास स्थायिक झाले. संत पौला या श्रीमंत विधवेने आपले धन वेचून तेथे मठ बांधिले. ही बाई इब्री इतकी शिकली की, स्तोत्रे ती त्याच भाषेत गाई.

त्या काळी ख्रिस्तसभा जुना करार सत्तर पंडितांच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या ग्रीक भाषांतरातून घेत असे, व लॅटिन प्रतीही त्यावरूनच झालेल्या होत्या. ते भाषांतर दैवी प्रेरणेने झाले, अशी पुष्कळांची श्रद्धा होती. जेरोम यांनी मात्र ३९० च्या सुमारास थेट इब्रीवरून भाषांतर आरंभिले.

वाचकहो, यात इतके काय अडले होते? जळत्या झुडपापाशी मोशेने देवाचे नाव विचारिले. इब्री उत्तरातील क्रियापद अपूर्ण काळाचे आहे; ‘मी असेन’ असाही त्याचा अर्थ होतो, आणि किंचित आधी देवाने मोशेला सोबतीचे वचन दिले ते याच क्रियापदाने. ग्रीक भाषांतरकारांनी त्याचे ‘जो आहे तो’ असे केले. सोबतीच्या वचनाच्या जागी अस्तित्वाचे तत्त्व आले. तसेच ‘नेफेश’ या इब्री शब्दात गळा, श्वास व प्राण हे सारे येते. जीव कंठाशी आला असे म्हणणाऱ्या मराठी माणसास हे समजावून सांगणे नको! परंतु ग्रीकांनी त्यास ‘आत्मा’ म्हटले, आणि तत्त्वज्ञांच्या शाळेत तो आत्मा देहाहून निराळा मानला जाई. ६९ व्या स्तोत्रात पाणी गळ्यापर्यंत चढते. भाषांतरात ते आत्म्यापर्यंत चढले. जेरोम यांनीही तेथे आत्माच ठेविला. शब्द व घडलेली गोष्ट या दोहोंस इब्रीत ‘दाबार’ हा एकच शब्द आहे. म्हणूनच लूकच्या शुभवर्तमानाच्या लॅटिन पाठात मेंढपाळ बेथलेहेमास घडलेला ‘शब्द’ पाहावयास निघतात.

अर्थात यावरून इब्री मन व ग्रीक मन यांच्यामध्ये भिंत उभारणे मला मान्य नाही. नुसत्या शब्दांवरून अख्ख्या समाजाची विचारसरणी ठरवू नये, असे जेम्स बार या पंडिताने १९६१ साली सप्रमाण दाखविले, व ते योग्यच आहे.

नव्या भाषांतराचा खरा त्रास झाला तो भाविकांस. ४०३ साली संत ऑगस्टीन यांनी जेरोम यांना आफ्रिकेतील ओया नगरीची हकीकत कळविली. योनावर सावली धरणारी वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या भोपळीचा वेल म्हणून वाचली जाई. जेरोम यांनी तेथे आयव्हीची वेल घातली. ते वाचले जाताच लोकांनी, विशेषतः ग्रीकांनी, असा गलका केला की, कळप गमावू नये म्हणून तेथील महागुरूंना शब्द बदलावा लागला. ग्रीक व लॅटिन ख्रिस्तसभांत फूट पडेल, ही ऑगस्टीन यांची धास्ती होती. एक धर्मगुरू या नात्याने मला ती क्षुल्लक वाटत नाही. जेरोम यांनी उत्तर तिखटच दिले, तरी इब्री वनस्पती ना भोपळी, ना आयव्ही, हे त्यांस ठाऊक होते. लॅटिनमध्ये तिला नावच नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रुंद पानांचे, स्वतःच्या खोडावर उभे राहणारे झुडूप, असे त्यांनी तिचे वर्णन केले. आपल्या बांधावरचा एरंड तो हाच, असे पुष्कळ अभ्यासक मानितात.

४०५ च्या सुमारास काम पुरे झाले. पौला त्यापूर्वीच, ४०४ साली, वारली होती. जेरोम यांनी बेथलेहेमातच ४२० च्या सुमारास देह ठेविला. ३० सप्टेंबर हा त्यांचा सण होय. १५४६ साली ट्रेंट येथील धर्मपरिषदेने, ज्यात त्यांचे हे भाषांतर आहे, त्या लॅटिन बायबलास प्रमाण ठरविले. इब्रीवरून केलेली त्यांची स्तोत्रे मात्र उपासनेत रुळली नाहीत. लोकांच्या तोंडी बसलेली, ग्रीकवरून आलेली स्तोत्रेच शतकानुशतके गाइली गेली.