मुलांना ज्योतीचे शास्त्र सांगणारे फॅरडे

विद्युत जनित्रामागील तत्त्व शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून मायकेल फॅरडे सर्वांना परिचित आहेत. मात्र लहान मुलांना अग्नीचे शास्त्र समजावून देणारे शिक्षक ही त्यांची ओळखही तितकीच मोलाची आहे.

फॅरडे यांचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनलगत एका गरीब लोहाराच्या घरी झाला. शिक्षण जेमतेम लिहिण्या-वाचण्यापुरते झाले. चौदाव्या वर्षी ते पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करू लागले आणि बांधणीला आलेली पुस्तके वाचता वाचता त्यांना विज्ञानाची गोडी लागली. १८१२ मध्ये हम्फ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकून काढलेली टिपणे त्यांनी स्वतः बांधून डेव्हींकडे पाठविली. पुढच्याच वर्षी त्यांना रॉयल इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेत मदतनीसाची जागा मिळाली. डेव्हींनी १८१५ मध्ये खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा तयार केला, त्या कामातही त्यांचे साह्य होते.

आगीचे भीषण रूप त्यांनी जवळून पाहिले. १८४४ मध्ये इंग्लंडमधील हॅसवेल येथील कोळसा खाणीत स्फोट होऊन ९५ जणांचा बळी गेला. त्यांत कोवळी मुलेही होती. चौकशीसाठी सरकारने फॅरडे आणि भूगर्भशास्त्रज्ञ चार्ल्स लायेल यांना पाठविले. ज्वलनशील वायूबरोबरच कोळशाची उडालेली भुकटीही पेट घेते, हे त्यांनी अहवालात दाखवून दिले. दुर्दैवाने या इशाऱ्याकडे पुढे कित्येक वर्षे पुरेसे लक्ष दिले गेले नाही.

१८२७ ते १८६० या काळात फॅरडे यांनी नाताळच्या सुटीतील मुलांसाठीच्या १९ व्याख्यानमाला गुंफल्या. त्यांतील मेणबत्तीवरील सहा व्याख्याने विशेष गाजली. विलियम क्रूक्स यांनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक १८६१ मध्ये निघाले. मेणबत्ती विझवताच निघणाऱ्या धुराजवळ पेटती काडी नेली, की वातीला न टेकताही ज्योत पुन्हा उजळते. अर्थात जळते ती मेणाची वाफ. बरणी पालथी घातली, की ताज्या हवेअभावी ज्योत मंदावून विझते. असे प्रयोग मुलांच्या डोळ्यांदेखत होत.

सरदारकीचा मान नाकारणाऱ्या या साध्या माणसाचे २५ ऑगस्ट १८६७ रोजी निधन झाले. कढईतील तेल पेटल्यास पाणी न ओतता गॅस बंद करून झाकण का ठेवावे, याचे उत्तर त्या पालथ्या बरणीतच आहे. मुलांना आगीची नुसती भीती घालण्याऐवजी तिचे कारण समजावून दिले, तर ती अधिक सुरक्षित राहतील.