बिशप बोलेस्लाव्स स्लोस्कान्स : कळपापासून तोडलेला मेंढपाळ

पोलंड आणि रशिया ह्यांच्या मधोमध वसलेल्या बेलारूस ह्या भूमीचे १९२१च्या रिगा तहाने दोन तुकडे झाले. पश्चिमेकडचा भाग पोलंडकडे गेला, पूर्वेकडचा सोव्हिएत सत्तेखाली राहिला. तेथे बहुसंख्य जनता ऑर्थोडॉक्स होती आणि कॅथलिक भाविक संख्येने थोडे होते. ह्या थोड्यांसाठी ज्यांना गुपचूप बिशप करण्यात आले, त्या बिशप स्लोस्कान्स ह्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

त्यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८९३ रोजी लॅटव्हियातील लाटगाले प्रांतात झाला. सेंट पीटर्सबर्गच्या सेमिनरीत शिकून जानेवारी १९१७मध्ये त्यांनी गुरुदीक्षा घेतली. त्याच वर्षी रशियात क्रांती झाली. पुढे १९२३ साली मॉस्कोत आर्चबिशप सिएप्लाक ह्यांच्यावर खटला चालला. त्यांच्याबरोबर उभे केलेले मोन्सिनियर बुदकिएविच ह्यांना ईस्टरच्या सुमारास गोळी घालण्यात आली, तर खुद्द आर्चबिशपांना नंतर देशाबाहेर घालवण्यात आले. मोगिलेव्हचे विस्तीर्ण धर्मप्रांत असे पोरके झाले.

ह्यावर पोप अकरावे पायस ह्यांनी बिशप देर्बिन्यी ह्या फ्रेंच येशूसंघीयांना रशियात पाठवले. १० मे १९२६ रोजी मॉस्कोच्या संत लुईस चर्चमध्ये, बंद दाराआड, बत्तीस वर्षांच्या स्लोस्कान्स ह्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली आणि मोगिलेव्ह व मिन्स्क ह्यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. ती जेमतेम सोळा महिने टिकली. सप्टेंबर १९२७मध्ये गुप्त पोलिसांनी स्वतःच त्यांच्या खोलीत लष्करी कागद ठेवले, स्वतःच ते शोधून काढले आणि हेरगिरीच्या आरोपाखाली त्यांना अटक केली!

शिक्षा तीन वर्षांची झाली, आणि तीही श्वेत समुद्रातील सोलोव्की बेटांवर. एका पुरातन ऑर्थोडॉक्स मठाची तेथे श्रमछावणी झाली होती. आपल्याकडे घंटा वाजली की आपण निर्धास्तपणे मिस्साला निघतो. तेथे मिस्सा लपूनछपून व्हायची. तशाच गुप्ततेत १९२८ साली बिशपांनी दोनात नोविट्स्की ह्या बंदिवान डीकनला गुरुदीक्षा दिली. ज्या छावणीत धर्मगुरू संपवण्यासाठी आणले जात, त्याच छावणीत एक नवा धर्मगुरू झाला! तुरुंगातून आईवडिलांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी विनवले होते की, मनात सुडाची भावना येऊ देऊ नये.

१९३०च्या शरद ऋतूत त्यांची सुटका झाली. ते सरळ आपल्या माणसांत परतले आणि थोड्याच दिवसांत पुन्हा पकडले गेले. ह्या वेळी त्यांना सैबेरियात हद्दपार करण्यात आले.

जानेवारी १९३३मध्ये लॅटव्हिया सरकारने आपल्या कैदेतील एका सोव्हिएत हेराच्या बदल्यात त्यांना सोडवून आणले. बिशपांना मात्र देश सोडायचा नव्हता. परमगुरुस्वामींची तशी इच्छा आहे असे सांगितल्यावरच ते निघाले. आम्हाला वाटते, सोलोव्कीच्या थंडीपेक्षा हे आज्ञापालन त्यांना अधिक जड गेले असावे.

त्यांच्यामागे बेलारूसवर जे कोसळले ते भयंकर होते. १९३२ साली मिन्स्कचे लाल विटांचे संत सिमोन व संत हेलेना चर्च बंद करण्यात आले. १९२०च्या दशकात ज्या बेलारूसी भाषेला सत्तेने उत्तेजन दिले होते, तिचेच लेखक व अध्यापक पुढे शत्रू ठरवले गेले. २९ ऑक्टोबर १९३७च्या एका रात्रीत मिन्स्कमध्ये शंभराहून अधिक लेखक, विचारवंत व अधिकारी ठार झाले. शहराजवळच्या कुरापाती जंगलातील सामूहिक कबरींची वाच्यता तर १९८८ साली झाली.

बिशप स्लोस्कान्स रिगा येथे ईशज्ञान शिकवीत राहिले. १९४४ साली जर्मनांनी त्यांना जर्मनीत नेले. तेथून ते बेल्जियममध्ये आले आणि लूव्हाँच्या मठात राहिले. १९५२पासून पश्चिम युरोपात विखुरलेल्या रशियन व बेलारूसी कॅथलिकांची काळजी त्यांच्याकडे सोपवण्यात आली. म्हणजे कळपाचा काही अंश तरी त्यांना परत लाभला.

१८ एप्रिल १९८१ रोजी, पवित्र शनिवारी, त्यांनी देह ठेवला. १९९३ साली त्यांचे अवशेष लॅटव्हियातील आग्लोना ह्या मरियातीर्थी नेण्यात आले आणि डिसेंबर २००४मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले. मिन्स्कचे ते लाल चर्च १९९० साली भाविकांना परत मिळाले होते. पुढच्याच वर्षी मिन्स्क-मोगिलेव्हला आर्चबिशप लाभले, ते काझिमिएझ श्वियोंतेक. त्यांनीही नऊ वर्षे सोव्हिएत तुरुंगांत व श्रमछावण्यांत काढली होती.