पळणारा गणिती

आमच्या पंचवटीत पहाटे गोदाकाठाने तपोवनाकडे फिरायला, पळायला जाणारे खूप. चार जणांबरोबर घाम गाळला की मन हलकं होतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. पण चालण्या-बोलण्यावरून चिडवतात म्हणून मैदानच सोडून देणारी मुलंही असतात. त्यांच्यासाठी आज ॲलन ट्युरिंगची गोष्ट.

जन्म २३ जून १९१२, लंडनचा. वडील मद्रास इलाख्यात सरकारी अधिकारी. आईवडील इकडे हिंदुस्थानात, तर ॲलन आणि त्याचा मोठा भाऊ तिकडे परक्या घरी वाढले. लाजाळू, एकलकोंडा ॲलन पुढे मोठा गणिती झाला. आजच्या कॉम्प्युटरमागची मूळ कल्पना त्यानं १९३६ साली मांडली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्यात त्याचा मोठा वाटा होता.

कामाचा ताण उतरावा म्हणून तो पळायचा. युद्धानंतर वॉल्टन गावच्या धावण्याच्या क्लबात जाऊ लागला. या एकट्या माणसाला तिथे सोबती मिळाले. १९४७ साली मॅरेथॉन त्यानं २ तास ४६ मिनिटे ३ सेकंदांत पूर्ण केली, पाचवा आला. पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिक विजेत्यापेक्षा फक्त ११ मिनिटे जास्त!

ॲलन समलिंगी होता. इंग्लंडात तेव्हा पुरुषांमधले समलिंगी संबंध हा गुन्हा होता. १९५२ साली घरी चोरी झाली म्हणून तो पोलिसांकडे गेला. चौकशीत त्याचं एका पुरुषाशी असलेलं नातं उघड झालं आणि त्याच्यावरच खटला चालला. तुरुंग टाळायचा तर वर्षभर हार्मोनचे उपचार घ्या, अशी अट पडली. पळून पळून कमावलेलं शरीर सुटलं, छाती वाढली. ७ जून १९५४ रोजी, ४१व्या वर्षी तो गेला. चौकशीत आत्महत्या ठरली. आई मात्र तो अपघातच मानत राहिली. सरकारची माफी आली २००९ साली आणि शिक्षा माफ झाली ती २०१३ साली!

असाच कायदा इंग्रजांनी आपल्याकडेही आणला होता. सुप्रीम कोर्टानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून मोकळं केलं. जागतिक आरोग्य संघटनेनं तर १९९० सालीच समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं.

तरी आपण म्हणतोच, लग्न लावून द्या, सुधारेल. हाही जबरदस्तीचा उपचारच की! त्यात मुलगा घुसमटतो आणि कुणाची तरी लेक आयुष्यभर होरपळते. त्यापेक्षा त्याला मैदानावर परत जाऊ द्या, चिडवणाऱ्यांना आपणच दटावू या. आणि तो फारच गप्प झाला, तर जवळ बसून विचारा. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे.