आपल्या जिल्ह्याचे चोखोबा

पंढरीच्या महाद्वारात पोचलो की नामदेव पायरीच्या आधी आपण श्रीसंत चोखामेळा महाराजांच्या समाधीपुढं डोकं टेकतो. पण हे चोखोबा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातले, हे नव्या पोरांना ठाऊक नसतं. देऊळगाव राजा तालुक्यातलं मेहुणा राजा हे त्यांचं जन्मगाव मानलं जातं.

काळ देवगिरीच्या यादवांचा, ज्ञानोबा-नामदेवांचा. चोखोबांचा जन्म महार घरात झाला. मेलेली गुरं ओढायची, गावाची पडेल ती कामं करायची, अन् शिळंपाकं मिळेल त्यावर भागवायचं. पुढं ते पंढरीजवळच्या मंगळवेढ्यास राहिले. नामदेवांना त्यांनी गुरू केलं. विठ्ठल डोळ्यांसमोर, पण राऊळात पाय ठेवायची बंदी! बाहेर उभं राहूनच त्यांनी देवाला आळवलं.

त्यांचे साडेतीनशेच्या आसपास अभंग आज मिळतात. त्यात नुसती भक्ती नाही, रोकडा सवाल आहे. देह सगळ्यांचे सारख्याच विटाळातून आले, मग एकटा आम्हीच विटाळलेला कसा, असं ते देवालाच विचारतात. सारं घरच अभंगाचं, बरं का! पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, सोयराबाईंचा भाऊ अन् निर्मळेचा पती बंका, मुलगा कर्ममेळा, या सगळ्यांचे अभंग आपण आजही टाळ-मृदंगावर म्हणतो. सोयराबाईंच्या बाळंतपणात चोखोबा घरी नव्हते, तेव्हा विठ्ठलच निर्मळेचं रूप घेऊन आला, अशी कथा कीर्तनात रंगते.

शके 1260, म्हणजे इ.स. 1338. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं. कूस कोसळली अन् कामावरच्या माणसांसोबत चोखोबाही गाडले गेले. नामदेवराय तिथं गेले. ढिगाऱ्यातल्या ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरीला आणली अन् महाद्वारासमोर समाधी दिली. वैशाख वद्य पंचमीला त्यांची पुण्यतिथी असते.

समाधी झाली, पण दार उघडलं नाही. चोखोबांच्या भावंडांना राऊळात जाता यावं म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 पासून दहा दिवस पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठं मंदिर सर्वांना खुलं झालं. मधे सहाशे नऊ वर्षं गेली!

आपली दिंडी शंभर वर्षं चालली, याचा आनंद आहेच. पण चोखोबांचं नाव घेणाऱ्या दिंडीत कुणाचं ताट वेगळं मांडलं जाऊ नये, वीणा कुणाच्या गळ्यात द्यायची हे जात पाहून ठरू नये. मेहुणा राजा आपल्यापासून लांब नाही. एकदा तिथं पायी जाऊन यावं, लेकराबाळांना सोबत न्यावं, अन् पंढरीच्या वाटेवर हा चोखोबांचा गाव त्यांच्या तोंडी असू द्यावा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!